ऑइल कूलरचे दोन पाइप

तेलाचा थेंब नेमका चष्म्याच्या काचेवर पडला, तसा गाडीखाली उताणा पडलेला मिस्त्री म्हणाला, "सापडलास!"

"काय सापडलं?" बाहेरून सिस्टरांचा आवाज आला. खालून त्याला त्यांचे फक्त पांढरे बूट दिसत होते.

"चोर सापडला तुमचा. थांबा, बाहेर येतो."

बाहेर येणं हे आता एक वेगळंच काम होऊन बसलं होतं. आधी कोपर, मग कंबर, मग खांदा, असं एकसष्ट वर्षांचं शरीर तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. उठून बसल्यावर त्याने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि तो आणखीच खराब केला.

सिस्टर तीस वर्षं इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या. घरी बसवेना म्हणून आता अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. दिवसाला सात घरं. त्यासाठी ही तेवीस वर्षांची डिझेल गाडी. तिचा रंग कोणे एके काळी हिरवा होता, असं कागदपत्रांवरून कळायचं.

"औषधाने भागेल की ऑपरेशन?" सिस्टरांनी विचारलं.

"ऑपरेशन. हे बघा, इंजिनाचं तेल तापतं. ते गार व्हायला पुढे एक छोटा कूलर बसवलाय. एक पाइप तेल तिकडे नेतो, दुसरा परत आणतो. पाइप मधे रबराचा, टोकाला लोखंडाचा. दोन्ही जिथे मिळतात तिथे वरून कडं दाबून बसवलेलं असतं. तुमच्या दोन्ही पाइपांचं तिथेच सुटत आलंय. आज नुसता घाम आहे. उद्या निसटलं तर मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर आणि इंजिन जाम."

"मग नवे पाइप टाका."

"नवे मिळाले असते तर तुम्हाला इतकं समजावत बसलो असतो का? या गाडीचे बनायचे बंद होऊन जमाना झाला. जुनी टोकं ठेवून मधला रबर नवा घालायचा आणि मशीनवर दाबून घ्यायचा. त्याला प्रेस लागतं."

"मग घ्या दाबून. मला उद्या सकाळी आठला गाडी हवी. आजची घरं मी पायी आणि बसने उरकते, पण टेकडीपलीकडच्या घराला बस जात नाही. तो माणूस सकाळपासून दाराकडे तोंड करून पडलेला असतो. एक दिवस चुकवलाय मी त्याचा, दोन नाही चुकवणार." मग त्यांना काहीतरी सुचलं. "तोवर एखादी क्लिप-बिप आवळून चालणार नाही का?"

"नाही!"

हा 'नाही' इतका जोरात आला की सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या. मिस्त्रीलाही ओशाळल्यासारखं झालं. तो खाली बघून म्हणाला, "क्लिप धरत नाही तिथे. दाब फार असतो."

"बरं बाबा, नका लावू. पण तुमचा भाऊच करतो ना हे पाइपांचं? माझ्या एका पेशंटचा मुलगा खोदाईचं मशीन चालवतो. तो म्हणतो, पाइप करावा तर त्याच माणसाने. एकदा दाबला की जन्माचा."

मिस्त्रीने फडक्याचं एक स्वच्छ टोक शोधलं आणि हाताचं एकेक बोट पुसायला घेतलं.

"करतो," तो म्हणाला.

"मग झालं तर! अडलंय कुठे?"

कुठे अडलंय ते सिस्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. त्या पिशवी खांद्याला लावून निघून गेल्या आणि शेडमध्ये मिस्त्री, गाडी आणि चष्म्यावरचं तेल एवढंच उरलं.

शेड दोन गाड्यांची होती. उजव्या बाजूला काम चालायचं. डावी बाजू रिकामी असायची, तरी रोज सकाळी तो तीही झाडायचा. शेडमागच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक खुर्ची. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आधी दोन खुर्च्या होत्या. एकीवर नुसते कपडे साचायला लागले, तेव्हा त्याने ती शेडमध्ये आणून तिच्यावर बॅटरीचा चार्जर ठेवला.

त्याने शहरातल्या दोन प्रेसवाल्यांना फोन लावून पाहिले. एक म्हणाला, एवढ्या बारीक मापाचं साहित्य आपण ठेवत नाही. दुसरा म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. दोघांनीही शेवटी एकाच माणसाचं नाव सुचवलं. मिस्त्रीने ते ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन खिशात टाकला.

पाइप तर काढायला हवेतच, असं म्हणून तो कामाला लागला. गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, खालचा पत्रा सोडवला, तेल ट्रेमध्ये सोडलं. काढण्याआधी दोन्ही पाइपांच्या वाकड्या टोकांवर पांढऱ्या रंगाने एकेक रेघ मारली. ही टोकं एकमेकांशी ठरावीक कोनात असतात. नवा रबर दाबताना कोन बोटभर जरी चुकला तरी पाइप बसताना पिळला जातो, आणि पिळलेला पाइप आज ना उद्या दगा देतो.

इंजिनाच्या बाजूचे, तेलाच्या फिल्टरकडचे दोन्ही नट सुटले. कूलरचे सुटेनात. कूलर ॲल्युमिनियमचा, नट लोखंडाचे, आणि तेवीस वर्षांच्या सहवासाने ते एकजीव झालेले. तिथे जोर लावताना दुसऱ्या पान्याने कूलरचा गळा धरून ठेवावा लागतो, नाहीतर नटाबरोबर गळाच पिळवटून निघतो. एक पाना फिरवायला आणि एक धरायला. मिस्त्रीने एक पाना उजव्या हातात घेतला, दुसरा डाव्या हातात, आणि दोन्ही हात त्या अरुंद फटीत एकदम जाईनात. मग त्याने धरायचा पाना गुडघ्याने दाबून ठेवला. तो घसरला आणि नडगीवर आपटला. पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

"धर रे नीट," तो म्हणाला.

म्हणून गेल्यावर त्याने हातातलं काम थांबवलं. शेडमध्ये कोणी नव्हतं. चौदा वर्षांत इथे कोणी पाना धरलेला नव्हता.

पूर्वी धाकटा धरायचा. दोघं भाऊ याच शेडमध्ये काम करत. एकाने नटाला पाना लावला की दुसऱ्याचा पाना समोरून आपोआप यायचा, बोलावं लागायचं नाही. 'सुटला' एवढा एकच शब्द व्हायचा, तोही बहुतेक वेळा धाकट्याच्या तोंडून, कारण त्याचे कान तिखट होते. नट सुटण्याआधी एक बारीक कट् आवाज येतो, तो त्याला मिस्त्रीच्या आधी ऐकू यायचा. इंजिन लांबून येताना ऐकून तो सांगायचा, कितव्या नंबरचं टॅपेट, म्हणजे झडप दाबणारा तुकडा, वाजतंय ते.

मग एके दिवशी एका बेकरीवाल्याची डिझेल गाडी आली. असाच पाइप, असाच गळका. बेकरीवाल्याला गाडी संध्याकाळी हवी होती.

"दादा, हे प्रेसचं काम आहे," धाकटा म्हणाला होता.

"प्रेस कुठून आणू आता? रबर काप आणि क्लिप मार. चालतंय."

"नाही धरणार दादा."

"मार म्हटलं ना!"

धाकट्याने मारली. चौथ्या दिवशी चढावर पाइप निसटला. इंजिन जागेवर जाम झालं. बेकरीवाला गाडी दोरीने ओढत शेडच्या दारात घेऊन आला आणि रस्त्यावरून ओरडला, "कोणी केलं होतं हे काम?" दहा-बारा माणसं जमली. मिस्त्री दारातच उभा होता.

"ह्याने," तो म्हणाला.

एवढाच शब्द. खोटाही नव्हता. हात धाकट्याचेच होते. बेकरीवाल्याने सगळ्यांच्या देखत धाकट्याच्या थोबाडीत मारली. धाकट्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. त्याने एकदा मिस्त्रीकडे पाहिलं, आत जाऊन आपले पाने फडक्यात गुंडाळले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. दोन वर्षं कोणाच्या तरी प्रेसवर राबला आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचं प्रेस टाकलं. मिस्त्रीची बायको गेली तेव्हा तो आला होता. मागे उभा राहिला आणि कोणी बस म्हणायच्या आत निघून गेला.

दुपारचे बारा वाजत आले तेव्हा शेवटचा नट सुटला. गुडघा, पोट आणि शिव्या, तिन्ही लावावी लागली. मिस्त्रीने दोन्ही पाइप पुसले, कागदात गुंडाळले, पिशवीत घातले. मग साबण लावून हात धुतले. मग परत धुतले. सदरा बदलला. बदललेला सदरा फार नवा वाटला म्हणून पुन्हा जुना घातला. बसमध्ये पिशवी त्याने मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काही सांडेल का हो त्यातून?" तो म्हणाला, "नाही, रिकामे आहेत."

धाकट्याचं दुकान त्याने कधी पाहिलं नव्हतं. दारापासून आतपर्यंत भिंतीवर काळ्या पाइपांची वेटोळी टांगलेली, प्रत्येकाखाली मापाची चिठ्ठी. मधोमध प्रेस. दाबायचे साचे फळीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. जमिनीवर तेलाचा डाग नाही. काउंटरमागे धाकट्याची बायको नाकावर चष्मा घेऊन चिठ्ठ्या लिहीत होती. तिने वर पाहिलं आणि पेन तिच्या हातातच राहिलं.

"अगंबाई! दादा!"

प्रेसपाशी वाकलेला माणूस सरळ झाला. केस सगळे पांढरे झाले होते. मिस्त्रीच्या मनात आलं, हा माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि याचे केस माझ्याहून पांढरे.

"बसा," धाकटा म्हणाला.

मिस्त्रीला वाटलं, आपण चुकून ऐकलं. जन्मल्यापासून हा माणूस त्याला 'दादा, तू' म्हणत आलेला. भांडताना 'तू', लाडात 'तू', त्या शेवटच्या दिवशीसुद्धा 'तू'.

"काय काम होतं?"

"पाइप करायचे होते. ऑइल कूलरचे, दोन."

"दाखवा."

दाखवा. म्हणजे पहिल्यांदाही चुकून ऐकलं नव्हतं. मिस्त्रीने पिशवीतून पाइप काढून काउंटरवर ठेवले. धाकट्याने ते उचलले, कडं बोटाने चाचपलं, आतून उजेडाकडे धरून पाहिलं.

"या रेघा तुम्ही मारल्यात?"

"हो."

"बरं केलंत. लोक तसेच काढून आणतात, मग कोन अंदाजाने ठरवावा लागतो. आज हवेत?"

"आज झाले तर... एक सिस्टर आहेत, त्यांची गाडी आहे. पेशंटकडे जातात."

"तास लागेल. थांबणार की नंतर येणार?"

"थांबतो."

बायको आतून पाण्याचा पेला घेऊन आली. "दादा, किती बारीक झालात हो! जेवता का वेळेवर?" असं तिने विचारलं, पण धाकट्याने पाइप शिकंज्यात आवळला आणि करवत चालू केली, त्यामुळे पुढचं बोलणं राहिलं. ती पुन्हा चिठ्ठ्या लिहायला बसली. तिने एकच चिठ्ठी दोनदा लिहिली, हे मिस्त्रीला समोरून दिसत होतं.

धाकट्याचं काम बघत तो स्टुलावर बसला. जुनं कडं धाकट्याने उभं चिरलं, अगदी रबरापर्यंत, आतल्या लोखंडाला चरा न पाडता. चिमट्याने उलगडून काढलं. आतलं टोक घासून लख्ख केलं. तारेच्या जाळीचा, तेल आणि उष्णता सोसणारा नवा पाइप मापाने कापला, त्यातला भुसा हवेने उडवला. नवं कडं चढवलं, टोक आत ठोकलं, साचा लावला. प्रेस घरघरलं आणि चहूबाजूंनी दाबत थांबलं. मग व्हर्निअर लावून कड्याचं माप पाहिलं. फिरवून परत पाहिलं.

दुसऱ्या टोकाला त्याने मिस्त्रीच्या रेघेवर पट्टी धरून कोन जुळवला आणि दाबलं. पाइप उचलून जुन्याशी ताडून पाहिला. कोन नखभर हुकला होता. दिसेल न दिसेल असा.

'चालतंय' हा शब्द मिस्त्रीच्या ओठांपर्यंत आला. त्याने तो गिळला.

धाकट्याने नवंकोरं कडं पुन्हा चिरलं, पाइप फेकून दिला आणि दुसरा कापायला घेतला.

नवं कडं पुन्हा साच्यात गेलं, तेव्हा मिस्त्रीला राहवलं नाही. प्रेस घरघरत होतं, त्या आवाजाच्या आडोशाने तो म्हणाला, "त्या दिवशी क्लिप मार म्हणून मीच सांगितलं होतं."

धाकट्याने वर पाहिलं नाही. "मला माहितेय. मी होतो की तिथे."

काउंटरवरचं पेन थांबलं.

"लोकांना माहीत नाही," मिस्त्री म्हणाला. "मी कधी कोणाला सांगितलं नाही."

"लोकांचं काय करायचंय?" प्रेस थांबलं. धाकट्याने पाइप काढला, व्हर्निअर लावला. माप बघत बघतच तो बोलला. "त्याने मारलं, त्याचंही काही नाही. त्याची गाडी गेली होती, तो मारणारच. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पाना पुसत होतात."

मिस्त्रीने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"सतरा-एकोणीसचा होता," धाकटा म्हणाला. "मीच सकाळी पुसून ठेवला होता. स्वच्छ होता तो."

एवढं बोलून त्याने व्हर्निअर जागेवर ठेवला. मिस्त्रीला त्या दिवसातलं बाकी सगळं आठवत होतं, बेकरीवाल्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा, पण आपल्या हातात पाना होता हे आठवत नव्हतं. आता आठवलं. फडकंही आठवलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. हो म्हणून, की ऐकलं म्हणून, की काम पुढे चालू द्या म्हणून, ते त्या हलण्यावरून कळत नव्हतं. त्याने पाइपाचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला हातपंप जोडला आणि दांडा मारायला सुरुवात केली. काटा चढत गेला. इंजिन जितका दाब देतं त्याच्या कितीतरी पलीकडे नेऊन त्याने काटा थांबवला आणि हात मागे घेतला. तिघेही काट्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही. पाच मिनिटांनीही हलला नाही. दुसरा पाइपही तसाच तपासून झाला, तेव्हा दोन्ही पाइपांची तोंडं झाकणांनी बंद करून त्याने ते कागदात गुंडाळले.

"बसवताना पिळू देऊ नका. सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं लांब ठेवा. कूलरचा गळा दुसऱ्या पान्याने धरूनच आवळा."

हे सगळं मिस्त्रीनेच त्याला शिकवलेलं. तरी मिस्त्रीने पहिल्यांदाच ऐकतो आहे अशा तऱ्हेने ऐकून घेतलं आणि प्रत्येक वाक्याला 'हो' म्हटलं.

"आणि बसवल्यावर गरम करून बघा आणि मला फोन करा. गळत नाही हे कळल्याशिवाय मी काम संपलं असं धरत नाही. सगळ्यांनाच सांगतो हे."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

बायको दारापर्यंत आली. "दादा, येत जा," ती हळूच म्हणाली. आतून करवतीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. पुढच्या गिऱ्हाइकाचा पाइप लागला होता.

शेडमध्ये परत यायला चार वाजले. मिस्त्रीने ना चहा घेतला ना पाठ टेकली. नव्या ओ-रिंगांना, सांध्यातल्या रबरी कड्यांना, बोटाने तेल लावलं आणि गाडीखाली शिरला. या वेळी कूलरकडचा पाना त्याने आधी दोरीने आडव्या पट्टीला बांधून घेतला. दोरीने पाना धरला, ठीक धरला, पण दोरी बोलत नाही. नट किती आवळला हे मनगटालाच विचारावं लागलं. पाइप इतका बिनचूक बसला की मिस्त्री तसाच पडून त्याच्याकडे बघत राहिला. कुठे ताण नाही, कुठे पीळ नाही. पांढरी रेघ समोर सरळ उभी. सायलेन्सरपासून त्याने बोटं लावून पाहिली. चार बरोबर भरली.

तेल भरलं. इंजिन लागू नये म्हणून डिझेलची वायर काढून ते नुसतं स्टार्टरवर फिरवलं, कूलरपर्यंत तेल पोचू दिलं. मग वायर लावून किल्ली मारली. गाडीने दोनदा खोकून धूर सोडला आणि लागली. त्याने खाली कोरे कागद पसरले आणि चार्जर उचलून खुर्चीवर बसला.

इंजिन तापलं. पुढचा पंखा एकदा लागून बंद झाला. पुन्हा लागला. मिस्त्रीने रेस देऊन पाहिली. टॉर्च घेऊन चारही कडी पाहिली, बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. खालचे कागदही कोरडे. बाहेर अजून उजेड होता, समोरच्या गल्लीतली मुलं खेळून घरी जायला निघाली होती. पाइपांच्या कागदाला लावलेल्या दुकानाच्या चिठ्ठीवरचा नंबर बघून त्याने फोन लावला.

"हॅलो."

"मी बोलतोय."

"कोण?"

दादा, असं म्हणायला जीभ उचलेना. तो म्हणाला, "दुपारी ऑइल कूलरचे दोन पाइप नेले, तो."

पलीकडची करवत थांबली. "हं. बोला."

"गळत नाही."

"गरम केलंत?"

"पंखा दोनदा लागून गेला. रेसही दिली."

"कडी बघितली? मागची बाजू?"

"चारही. बोट लावून."

"बरं."

यापुढे विचारण्यासारखं धाकट्याकडे काही नव्हतं आणि सांगण्यासारखं मिस्त्रीकडे. पण फोन कोणी ठेवला नाही. इंजिन आपल्या लयीत चाललं होतं.

"चालूच आहे ना ती?" धाकट्याने विचारलं.

"हो. ऐकतोस?"

उत्तराची वाट न बघता मिस्त्री उठला आणि उघड्या बॉनेटपाशी गेला. फोन कानापासून काढून त्याने इंजिनाच्या वर धरला. तुझे पाइप, तुझं काम, ऐक किती छान चाललंय, असं काहीतरी त्याच्या मनात होतं, पण बोलायची गरज नव्हती. त्या कानांना सगळं ऐकू यायचं. तीन नंबरचं टॅपेट किंचित वाजत होतं, तेही आलं असेल. पंखा लागला. त्याने फोन थोडा बाजूला घेतला, म्हणजे वाऱ्याचा आवाज नको मधे. हात अवघडला तसा दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. पंखा थांबला. परत फोन मधोमध धरला. गल्लीतली शेवटची मुलगी दारासमोरून जाताना त्याच्याकडे बघत गेली. इंजिनाला फोन दाखवत उभा असलेला म्हातारा तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

बऱ्याच वेळाने त्याने फोन कानाला लावला.

"ऐकलंस?"

पलीकडे कोणी नव्हतं. फोन बंद झालेला होता. कधी झाला ते त्याला कळलं नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि छोट्या पडद्यावर बोलण्याची वेळ शोधली. नऊ मिनिटं, बारा सेकंद. बोलणं झालं होतं ते जेमतेम एका मिनिटाचं.

तो आकडा त्याने दोनदा वाचला. मग खिडकीतून आत वाकून त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. पुन्हा लागलेला पंखा मात्र आणखी थोडा वेळ फिरत राहिला.